‘आधी नाकारलं, मग डोक्यावर घेतलं’ : वीझरच्या ‘पिंकर्टन’ची गोष्ट तपासून पाहू

मागच्या लेखात मी ‘प्रतिसादाचा अभ्यास’ हा शब्द जरा सढळ हाताने वापरला होता. त्यावर तुमच्यापैकी काहींनी रास्त शंका काढली: एखादी कलाकृती कुणाला आवडली, कुणाला नाही, याची यादी केली की झालं का संशोधन? झालं नाही. पण का झालं नाही, हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बसू आणि ते जरा उसवून बघू.

उदाहरण आहे वीझर या अमेरिकन बँडचा दुसरा अल्बम, ‘पिंकर्टन’. सप्टेंबर १९९६. दहा गाणी, सुमारे ३५ मिनिटं. इंग्रजी रॉक ऐकत नसाल तरी हरकत नाही, इथे लागणारी हत्यारं कादंबरीला, नाटकाला, गझलेलाही चालतात. फक्त एक विनंती आहे. लेख पुढे वाचण्याआधी अल्बम एकदा सलग ऐका. हेडफोन लावून ऐकलात तर बरं, कारण पहिल्याच गाण्याचा विषय घरातल्या मोठ्या माणसांना समजावून सांगण्यासारखा नाही.

आधी प्रचलित गोष्ट सांगते, म्हणजे जी जवळपास प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळते ती.

वीझर १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. १९९४ मध्ये पहिला अल्बम आला. नाव फक्त ‘वीझर’, पण मुखपृष्ठ निळं म्हणून लोक त्याला ‘ब्लू अल्बम’ म्हणतात. ‘द कार्स’ या बँडच्या रिक ओकासेकने तो घडवला होता. गाणी चटकन जिभेवर बसणारी, गिटारचा आवाज जाड पण घोटीव. ‘बडी हॉली’ या गाण्याचा स्पाइक जोन्झने केलेला व्हिडिओ इतका गाजला की मायक्रोसॉफ्टने तो विंडोज ९५ च्या सीडीवर टाकला. (त्या काळात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला, त्यांच्यापैकी काहींनी बँडचं नावही माहीत नसताना तो पाहिला असणार.) वर्षभरात अल्बमने अमेरिकेत दहा लाखांचा आकडा ओलांडला.

मग गायक आणि गीतकार रिव्हर्स क्वोमो १९९५ मध्ये हार्वर्डला शिकायला गेला. त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता, त्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती. पायाला लोखंडी चौकट, हातात काठी, आणि वर्गात त्याला फारसं कुणी ओळखत नाही. दुसऱ्या अल्बमसाठी त्याने अंतराळात घडणारा एक रॉक-ऑपेरा योजला होता, तो बाजूला पडला. त्याऐवजी आली एकटेपणाची, वासनेची, चिडचिडीची गाणी. बाहेरचा निर्माता नाही, बँडनेच सगळं ध्वनिमुद्रण सांभाळलं. गिटार किंचाळते, ड्रम खोलीत वाजतात तसे वाजतात, आवाज चिरतो आणि तो चिरलेला तसाच ठेवलेला आहे.

लोकांना हे झेपलं नाही, असं गोष्ट सांगते. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी मतदानात त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये बसवलं. क्वोमो कोशात गेला. २००१ मध्ये त्याने स्वतःच या अल्बमला जाहीरपणे नावं ठेवली. आणि मग चमत्कार: २००२ मध्ये त्याच ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी ‘पिंकर्टन’ला सर्व काळातल्या सर्वोत्तम अल्बमांत सोळावं स्थान दिलं. २००४ मध्ये मासिकाने पाच तारे दिले. २०१० मध्ये वाढीव आवृत्ती निघाली तेव्हा ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले आणि बँडने पूर्ण अल्बम रंगमंचावर वाजवत दौरा केला. आधी नाकारलं, मग डोक्यावर घेतलं.

गोष्ट छान आहे. छान आहे हीच तिची गोम आहे. संशोधनात ज्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत दिसतं, त्याच्या खाली हात घालून बघायचा असतो. चला, घालू.

पहिली गोष्ट ते मतदान. निरनिराळ्या ठिकाणी हाच तपशील वाचत जा. कुणी लिहितं ‘वर्षातला सर्वांत वाईट’, कुणी दुसऱ्या क्रमांकाचा, कुणी तिसऱ्या. काही ठिकाणी तर वाचकांचं मतदान हे समीक्षकांचं मत होऊन बसलेलं आहे. एकाने लिहिलं, दुसऱ्याने त्याची री ओढली, तिसऱ्याने त्यात थोडं मीठ घातलं. तुमच्या प्रबंधात हा तपशील येणार असेल तर तो अंक स्वतः उघडून पाहिल्याशिवाय क्रमांक लिहू नका. ग्रंथालयात चकरा माराव्या लागल्या तरी चालेल. आणि त्याच मासिकाच्या परीक्षणकर्त्याने १९९६ मध्ये पाचपैकी तीन तारे दिले होते, हे सोबत ठेवा. गीतलेखन पोरकट वाटल्याचा त्याचा सूर होता, पण तीन तारे म्हणजे काही कचऱ्याची टोपली नव्हे. एकूणात त्या वेळची परीक्षणं मिश्र होती. ‘मिश्र’ हा शब्द गोष्टीत बसत नाही, म्हणून तो गळतो.

आता खपाचे आकडे. ‘ब्लू अल्बम’ बिलबोर्डच्या यादीत जास्तीत जास्त सोळाव्या क्रमांकापर्यंत गेला होता. ‘पिंकर्टन’ किती? एकोणीस. म्हणजे नुसतं सर्वोच्च स्थान पाहिलं तर दोघांत तीन पायऱ्यांचं अंतर. मग आपटला कसा म्हणायचं? तर मेख अशी आहे: पहिला अल्बम कित्येक महिने सरकत सरकत तिथे पोचला, आणि दुसरा सुरुवातीलाच एकोणिसाव्या क्रमांकावर आला आणि तिथून उतरत गेला. सुरुवातीचा आकडा सांगतो की जुन्या श्रोत्यांनी विश्वासाने विकत घेतला. नंतरची घसरण सांगते की त्यांनी इतरांना सांगितलं नाही, आणि रेडिओनेही फार उचलून धरलं नाही. अमेरिकेत पाच लाखांचं गोल्ड प्रमाणपत्र मिळायला २००१ उजाडलं, दहा लाखांचं प्लॅटिनम २०१६ मध्ये, वीस वर्षांनी. एकाच अल्बमबद्दल ‘चांगली सुरुवात’, ‘साफ अपयश’ आणि ‘दीर्घकाळ चाललेलं यश’ ही तिन्ही विधानं आकडेवारीने सिद्ध करता येतील. तुम्ही रेघ कुठे मारता यावर ते ठरतं, आणि रेघ तिथेच का मारली हे तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात यायला हवं. व्हायव्हात हमखास विचारतात.

पण खरी अडचण याच्याही पुढे आहे, आणि माझ्या मते हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. ‘लोकांनी मत बदललं’ असं आपण म्हणतो तेव्हा कोणत्या लोकांनी? १९९६ मध्ये मत देणारा वाचक आणि २००२ मध्ये मत देणारा वाचक एकच होता, असं धरायला काहीही आधार नाही. दोन्ही मतदानं ऐच्छिक. ज्याला हौस, तो पाठवतो. पहिल्या वेळी मत देणाऱ्याच्या कानात ‘बडी हॉली’ ताजं होतं आणि त्याला तशाच गाण्यांची भूक होती. दुसऱ्या वेळेपर्यंत मधे इंटरनेट आलं होतं, १९९९ मध्ये नॅप्स्टर आलं होतं, आणि ‘इमो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताची एक पिढी तयार झाली होती, जिला भावनेचा असा उघडा कबुलीजबाब म्हणजेच चांगलं गाणं वाटत होतं. १९९६ मध्ये मत देणारा मनुष्य २००२ मध्ये कदाचित ‘रोलिंग स्टोन’ वाचतही नसेल. एका वर्गात नापास झालेला मुलगा सहा वर्षांनी दुसऱ्याच शाळेत पहिला आला, तर आधीच्या मास्तरांचं मत बदललं असं आपण म्हणत नाही ना? इथे मात्र बिनदिक्कत म्हणतो.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाचं नाव तुम्ही नेटच्या तयारीत वाचलं असेल. १९६७ च्या व्याख्यानात त्याने ‘अपेक्षांचं क्षितिज’ ही कल्पना मांडली: वाचक कोऱ्या मनाने येत नाही, आधी वाचलेल्याने घडवलेलं एक क्षितिज घेऊन येतो, आणि नवी कलाकृती त्या क्षितिजाच्या किती बाहेर आहे यावर तिचं स्वागत अवलंबून असतं. त्याचं प्रसिद्ध उदाहरण फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’चं. जवळपास त्याच सुमारास आलेली फेदोची ‘फॅनी’ ही कादंबरी वर्षभरात तेरा आवृत्त्या खपली, आणि आज ती कोण वाचतं? ‘पिंकर्टन’ या साच्यात इतका अलगद बसतो की मोह होतो. जपून. या साच्यातून एक चोरवाट निघते: ज्याला आधी नाकारलं ते थोर, आणि नाकारणारे आंधळे. याउसकडून क्षितिज घ्या, पण निकाल घेऊ नका.

तुलनेसाठी फार लांब जायला नको, अल्बमच्या नावातच ती आहे. पिंकर्टन हे पुच्चीनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरातलं पात्र. अमेरिकन नौदलातला हा अधिकारी नागासाकीत चो-चो-सान नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो, निघून जातो, आणि पुढे परत येतो तो अमेरिकन बायको घेऊन. (याच नावाच्या एका अमेरिकन सुरक्षा कंपनीने, आपलं नाव वापरलं म्हणून, अल्बम बाजारात येता येता कोर्टात धाव घेतली होती. कोर्टाने ते टिकू दिलं नाही. त्यांच्या वकिलांनी ऑपेरा पाहिला नसावा.) तर १७ फेब्रुवारी १९०४ ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात या ऑपेराचा पहिला प्रयोग सपशेल पडला. पुच्चीनीने तो मागे घेतला, फेरफार केले, आणि २८ मे ला ब्रेशा शहरात तोच ऑपेरा उचलला गेला. इथेही ‘आधी नाकारलं, मग स्वीकारलं’. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. ब्रेशात लोकांनी जे ऐकलं ते मिलानमध्ये वाजलेलं जसंच्या तसं नव्हतं. ‘पिंकर्टन’मध्ये मात्र १९९६ ची दहा गाणी २००२ मध्ये त्याच क्रमाने तशीच होती. म्हणून इथला सगळा बदल श्रोत्यांच्या बाजूला शोधावा लागतो. असा स्वच्छ नमुना अभ्यासकाला सहसा मिळत नाही.

मग श्रोत्यांच्या बाजूला काय बदललं? मी बाजूने आणि विरोधात लिहिलेलं शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली: वर्णन बदललेलंच नाही. नाक मुरडणारे म्हणतात, हे खाजगी वहीतलं आहे, कच्चं आहे, ऐकताना अवघडल्यासारखं होतं. डोक्यावर घेणारे म्हणतात, हे खाजगी वहीतलं आहे, कच्चं आहे, ऐकताना अवघडल्यासारखं होतं, आणि म्हणूनच थोर आहे. अधिक-उण्याचं चिन्ह तेवढं फिरलं. आणि चिन्ह फिरवणारा शब्द एकच: ‘प्रामाणिक’.

आता मी अभ्यासक म्हणून नाही, ऐकणारी म्हणून बोलते. मला हा अल्बम आवडतो. पॅट विल्सनचे ड्रम आणि मॅट शार्पचा बास मिळून जे धसमुसळं करतात, त्यात ‘ब्लू अल्बम’मधल्या नीटनेटकेपणापेक्षा जास्त जीव आहे. ‘फॉलिंग फॉर यू’मध्ये स्वरसंगती अशी वळणं घेते की गाणाऱ्याचा तोल जातोय असं वाटतं आणि नेमक्या जागी तो सावरतो. हे कच्चं काम नव्हे. कच्चं वाटावं म्हणून केलेलं पक्कं काम आहे. शेवटचं ‘बटरफ्लाय’ साध्या गिटारवर, जवळजवळ पुटपुटत म्हटलेलं. आधीची नऊ गाणी आदळल्यानंतर ती शांतता अंगावर येते.

पण ‘प्रामाणिक’ हा शब्द मला पुरत नाही. प्रामाणिक कशाबद्दल? कुणाशी? ‘एल स्कॉर्चो’त अर्ध्या जपानी असलेल्या मुलींबद्दल एक सरसकट विधान येतं. ‘पिंक ट्रँगल’मध्ये आवडलेली मुलगी समलैंगिक निघते आणि गाणं तिच्याऐवजी स्वतःच्या अपेक्षाभंगाची कीव करतं. मुखपृष्ठावर हिरोशिगेचं कान्बाराच्या बर्फाळ रात्रीचं सुंदर जपानी चित्र आहे. म्हणजे जपान सगळीकडे आहे, फक्त कुणी जपानी माणूस बोलताना दिसत नाही. आता अल्बमला नाव पिंकर्टनचं देणं, हा क्वोमोचा स्वतःवरचाच आरोप आहे असं म्हणता येतं, आणि मला ते बरंचसं पटतं. तो स्वतःला त्या सोडून जाणाऱ्या माणसाच्या जागी उभा करतो. मात्र शेवटच्या गाण्यात माफी मागतानाही तो देहाने जे सांगितलं ते केलं, अशी पळवाट ठेवतो. आरोपीही तोच, वकीलही तोच. चाहत्यांनी आरोप ऐकला, त्याला प्रामाणिकपणा म्हटलं आणि खटला तिथेच निकाली काढला. विरोधकांनी तर आरोप ऐकलाच नाही, त्यांना फक्त किंचाळणं ऐकू आलं. गेल्या काही वर्षांत या जपानी मुलींच्या बाजूने प्रश्न विचारणारं लेखन येऊ लागलंय, आणि काही जुने चाहते त्यावर चिडतात. त्या चिडण्याकडे शत्रुत्व म्हणून बघू नका. तोही प्रतिसादाचाच पुरावा आहे. ज्या वयात आपल्याला कुणी समजून घेत नाही असं वाटत होतं त्या वयात या गाण्यांनी साथ दिली, म्हणून त्यांच्यावर बोट ठेवलं की ते आपल्यावरच ठेवल्यासारखं वाटतं.

प्रतिसादाचा परिणाम करणाऱ्यावर काय होतो, हेही सोडू नका. आपण नेहमी कृतीकडून श्रोत्याकडे बाण काढतो, उलटा काढत नाही. १९९६ नंतर क्वोमोने काही काळ खिडक्या झाकून, भिंती काळ्या रंगवून घरात कोंडून घेतलं. शार्पने १९९८ मध्ये बँड सोडला. २००१ मध्ये तिसरा अल्बम आला तो पुन्हा ओकासेकच्याच हाताखाली, पुन्हा नाव फक्त ‘वीझर’, जेमतेम अर्ध्या तासाचा. आणि गाण्यांत ‘मी’ असूनही कुणाचाच ‘मी’ नाही, इतके ते शब्द सुरक्षित. पोळलेला माणूस ताकही फुंकून पीत होता. दुसऱ्याच वर्षी लोक त्याला सांगू लागले की आम्हाला ते पोळलेलंच हवं होतं. तेव्हा त्याच्या जागी तुम्ही असतात तर कुणाचं ऐकलं असतंत?

आता ‘अक्रॉस द सी’कडे येऊ. ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. या गाण्याचा उगम एका पत्रात आहे. जपानमधल्या एका छोट्या शहरातल्या अठरा वर्षांच्या मुलीने क्वोमोला चाहतीचं पत्र लिहिलं, आणि तो हार्वर्डच्या थंडीत एकटा असताना ते त्याला मिळालं. तिच्या पत्रातले काही शब्द त्याने थेट गाण्यात घेतले. मग गाणं तिच्याबद्दल कल्पना करत सुटतं, ती घालत काय असेल, खोली कशी लावली असेल. काही कल्पना तर अशा की पत्र लिहिणारीने त्या ऐकल्या असतील का, या विचारानेच कानकोंडं होतं. बहुतेक चाहत्यांच्या मते हे अल्बममधलं सर्वोत्तम गाणं. चाल पाहिली तर माझ्याही मते.

पण ते पत्र काय होतं, याचा विचार करा. ते श्रोत्याचा प्रतिसाद होतं. ‘पिंकर्टन’ बाजारात येण्याआधीच्या वीझरला, म्हणजे त्या निळ्या अल्बमच्या बँडला, समुद्रापलीकडून एका मुलीने वेळ काढून, परक्या भाषेत, कागदावर लिहून दिलेला प्रतिसाद. ज्या अल्बमच्या ‘स्वागताबद्दल’ इतकं लिहिलं गेलं, त्याच्या पाचव्याच गाण्यात एक श्रोती बसलेली आहे. मतदानाचे क्रमांक, तारे आणि दहापैकी दहा मोजताना तिची नोंद सहसा होत नाही, कारण ती मतदार म्हणून येत नाही. ती कच्चा माल म्हणून येते.

तुमच्यापैकी एक-दोघांचा विषय संगीत आणि चाहते यांच्या आसपासचा आहे, हे मला माहीत आहे. सिनॉप्सिसमध्ये ‘अमुक अल्बमच्या स्वागतातील बदल’ असं शीर्षक टाकण्याआधी थोडा वेळ या बाजूला घालवा. चाहत्यांची पत्रं, वहीत चिकटवलेली तिकिटं, कॅसेटच्या कव्हरवर पेनने लिहिलेले शेरे हे सगळं कुठे जपलेलं आहे का, कुणाकडे आहे, ते वापरायला परवानगी कुणाची लागेल? परवानगीचा प्रश्न गाइडना आवडत नाही, काम लांबतं. तरी विचारा. पत्र लिहिणारी व्यक्ती जिवंत असेल तर ती आता पन्नाशीच्या घरात असेल, आणि आपलं पत्र कुठवर पोचलं याबद्दल तिचं स्वतःचं काही म्हणणं असेल.